वाटीवर नाव, सायकलवर नाही

माझी सायकल एका मंगळवारी संध्याकाळी चोरीला गेली. अमरावतीत राजकमल चौकाकडून गांधी चौकाकडे येताना एका औषधांच्या दुकानासमोर मी ती विजेच्या खांबाला टेकवून उभी केली, मागच्या चाकाचं कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आत गेलो. दुकानात गर्दी होती, दहा-बारा मिनिटं लागली असतील. बाहेर आलो तेव्हा खांबापाशी सायकल नव्हती. किल्ली अजून माझ्याकडे आहे.

त्या दिवसापासून ज्याला ज्याला ही गोष्ट सांगावी लागली, त्यातल्या बहुतेकांनी आधी मलाच प्रश्न विचारला. ‘कुलूप लावलं होतं का?’ हा पहिला. लावलं होतं म्हटलं की, ‘पण जुनीच होती नं?’ हा दुसरा. आणि शेवटी, अगदी मायेनं, ‘जाऊ द्या नं भाऊ, सायकलच होती. आता गाडी घेऊन टाका.’ कोणाची मोटारसायकल गेली तर चार माणसं त्याच्याबरोबर ठाण्यात जातात. मोबाईल गेला तर लोक हळहळतात. सायकल गेलेल्या माणसाला फक्त सल्ला मिळतो. ‘सायकलच होती’ यातला हा ‘च’ मला गेलं वर्षभर टोचतो आहे, आणि हे सगळं लिहितो आहे ते त्या ‘च’पायीच.

मी एका कृषी केंद्रात हिशेब लिहितो, तेव्हा आधी हिशेब सांगतो. सायकल २०१९ च्या दसऱ्याला घेतली, ६,४०० रुपयांना. घर साईनगरच्या बाजूला, दुकान इतवाऱ्याकडे. सायकल गेल्यावर ऑटोनं जायला लागलो. जायचे वीस, यायचे वीस, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे १,०४० रुपये. सहा महिन्यांत ६,२४०. जी सायकल मला पुन्हा कधी दिसली नाही, तिची जवळजवळ पूर्ण किंमत मी दुसऱ्यांदा मोजली. आणि मी तर महिन्याच्या पगाराचा माणूस. पहाटे पेपर टाकणारा पोरगा, दोन्ही बाजूंना कॅन लटकवून येणारा दूधवाला, हँडलला डबा अडकवून आठ-दहा किलोमीटरवरून कामाच्या ठिय्यावर येणारा मजूर, यांची सायकल गेली की त्या दिवसाची हजेरी गेली. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर पोचेल की नाही, याचाही भरवसा नाही. त्याला ‘गाडी घेऊन टाका’ असं कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. ड्यूटीवरच्या जमादारांनी खुर्ची दिली, पाणी विचारलं. माणूस भला होता, हे मुद्दाम सांगतो, कारण माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

‘काका, बिल आहे का?’

बिल नव्हतं. घर बदलताना कुठं तरी गेलं.

‘फोटो?’

नातवाला दांडीवर बसवून काढलेला एक होता. त्यात नातू पूर्ण आला होता आणि सायकलचं नुसतं हँडल.

‘बरं, नंबर सांगा.’

‘कशाचा नंबर?’

‘फ्रेमचा. प्रत्येक सायकलीले नंबर राह्यते नं बाप्पा. खाली, पायडलच्या दांड्यापाशी ठोकलेला राह्यते, नाईतं सीटच्या खाली.’

तीस-बत्तीस वर्षं मी सायकल चालवतो आहे. पंक्चर काढता येतं, चेन बसवता येते, ब्रेकची गट्टू बदलता येते. पण तळाशी ठोकलेला हा नंबर मी कधी पाहिला नव्हता, आणि विकणाऱ्यानं दाखवला नव्हता. मग वर्णन उरलं, ‘काळी, दांडीवाली, मागं कॅरिअर.’ जमादारांनी पेन खाली ठेवलं. अमरावतीत या वर्णनाच्या किती सायकली असतील, ते त्यांना सांगावं लागलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. अदखलपात्र म्हणून नोंद झाली, मला तिची प्रत मिळाली.

त्या ‘अदखलपात्र’ शब्दाचा अर्थ मला एका वकील मित्रानं समजावला, आणि तो प्रत्येक सायकलवाल्याला ठाऊक असायला हवा. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं जुनं कलम ३७९, आता ते ३०३ झालं. शिक्षा पूर्वीसारखीच, तीन वर्षांपर्यंत. पण नव्या कलमात एक परंतुक आहे. वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यायची. याला माझा काडीचाही विरोध नाही. पोटासाठी पहिल्यांदा हात घातलेल्या पोराला तुरुंगात टाकून कोणाचं भलं होत नाही.

अडचण पुढं आहे. त्याच वेळी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीनं पाच हजारांखालची ही चोरी अदखलपात्र ठरवली. म्हणजे ठाण्यातल्या वहीत तिची नोंद होणार, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगितलं जाणार, आणि कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांचा आदेश असल्याशिवाय पोलीस तपास करू शकणार नाहीत. जुन्या कायद्यात चोरी पन्नास रुपयांची असली तरी दखलपात्र होती. आता एक हजेरी बुडवून ठाण्यात आलेल्या मजुरानं दुसरी हजेरी बुडवून न्यायालयात जायचं, तेव्हा कुठं त्याच्या सायकलचा शोध सुरू होणार. सवलत दिली पहिल्या चुकीच्या चोराला. पण चोर सापडण्याआधी त्याची ही पहिली सायकल आहे की पन्नासावी, हे कोणाला कळणार? आणि तपासच झाला नाही, तर तो सापडणार कसा?

पाच हजारांची ही रेघ नेमकी कोणाच्या मानेवरून जाते, तेही पाहावं. सोन्याचा दागिना सहसा पाच हजारांत येत नाही. मोटारसायकल येत नाही. त्या रेघेखाली येते ती वापरलेली सायकल. मानव विकास कार्यक्रमात राज्य सरकार खेड्यापाड्यातल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकलचे पैसे देतं. ही रक्कम पूर्वी ३,५०० होती, २०२२ मध्ये ती ५,००० झाली. चांगली योजना आहे, तिच्यामुळं मुलींची शाळा सुटत नाही. पण त्या पाच हजारांत घेतलेली सायकल शाळेच्या आवारात चार महिने उभी राहिली की तिची किंमत रेघेच्या खाली. राज्य सरकारनं मुलीला सायकल दिली आणि केंद्राच्या कायद्यानं तिची चोरी तपासाच्या बाहेर ठेवली. ही चूक आहे. सायकलसाठी तरी ही अट उठवली पाहिजे.

वकील मित्रानं आणखी एक गोष्ट सांगितली. राहत्या इमारतीच्या आतून किंवा मालमत्ता सांभाळण्यासाठी असलेल्या इमारतीतून चोरी झाली, तर न्याय संहितेचं कलम ३०५ लागतं. तिथं पाच हजारांची अट नाही, शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. तेव्हा अपार्टमेंटच्या जिन्याखालून सायकल गेली असेल, तर अर्जात ‘घरासमोरून’ असं सैलपणे लिहू नका. जिथून गेली ती जागा नीट लिहा आणि ३०५ बद्दल ठाण्यात स्पष्ट विचारा. याच कलमात ‘माल किंवा प्रवासी वाहून नेण्यासाठी वापरलेलं वाहतुकीचं साधन’ चोरण्याचाही उल्लेख आहे. दुधाचे कॅन लादलेली सायकल त्यात बसते असं माझं मत आहे. कोणी तरी वकिलानं एखाद्या दूधवाल्यासाठी हा मुद्दा न्यायालयात नेऊन पाहावा.

आता अकोल्याचं सांगतो. माझी बहीण तिथं डाबकी रोडला राहते. तिचा मुलगा मोर्णा नदीचा पूल ओलांडून रतनलाल प्लॉटकडे शिकवणीला जायचा. अकोल्यात शिकवणीची वेळ झाली की रस्त्याच्या कडेला शे-दीडशे सायकली एकमेकींवर रेललेल्या असतात, त्यातली एक उचलली तर शेजारच्या पोरालाही पत्ता लागत नाही. तशी त्याची गेली. त्याची होती गिअरची, साडेनऊ हजारांची. बिल होतं, गुन्हा रीतसर नोंदला गेला. पाच महिन्यांनी ठाण्यातून फोन आला, काही सायकली सापडल्यात, ओळखायला या. बहीण-जावई गेले. तिथं त्याच बनावटीच्या, त्याच रंगाच्या दोन सायकली उभ्या होत्या. बिलावर दुकानदारानं नंबर लिहिलाच नव्हता, नुसतं ‘सायकल १ नग’. भाच्यानं वर्गात बसून कंटाळा आला तेव्हा कधी तरी चेनकव्हरच्या आतल्या बाजूला कर्कटकानं आपलं नाव खरवडलं होतं. त्यावेळी त्याला त्यासाठी बोलणी बसली होती. त्या खरवडलेल्या तीन अक्षरांनी सायकल ओळखू आली.

ओळखू आली, पण लगेच घरी आली नाही. जप्त माल म्हणजे मुद्देमाल, तो न्यायालयाच्या आदेशानं सुपूर्दनाम्यावर मिळतो. अर्ज, बंधपत्र, ओळखपत्र, ठाण्याचा अहवाल, आणि जावयाच्या दोन सुट्ट्या. तोवर सायकल उघड्यावर. अकोल्याचं ऊन मी वाचकांना काय सांगू! टायरला भेगा पडल्या, सीटचा रेक्झिन फाटला, चेन गंजून आखडली. दुरुस्तीला बाराशे रुपये गेले.

हे असं होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात न्यायालयानं म्हटलं की जप्त वस्तू ठाण्यात सडवू नका, पंचनामा करा, फोटो काढा, हमी घ्या आणि मालकाला परत द्या. पंधरा दिवस ते महिनाभर, याहून जास्त ठेवायचं कारण नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर मुदतीच घातल्या आहेत. मालाचं वर्णन चौदा दिवसांत तयार करायचं, फोटो किंवा चित्रीकरण करायचं, आणि त्यानंतर तीस दिवसांत मालाचा निकाल लावायचा. ज्याची सायकल सापडली आहे त्यानं अर्जात हे कलम लिहावं. लोक लिहीत नाहीत, कारण त्यांना ते कोणी सांगत नाही.

सायकली सांभाळण्यासाठी पैसे घेणाऱ्या स्टँडचंही बोललं पाहिजे. पाटी ठरलेली असते, ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’. पैसे घ्यायचे, टोकन द्यायचं आणि जबाबदारी मात्र घ्यायची नाही. करार कायदा १८७२ चा आहे, त्यात दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्यानं ती स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळायची असं कलम १५१ सांगतं. २०१९ मध्ये ताजमहाल हॉटेलच्या खटल्यात, गिऱ्हाईकाची गाडी हॉटेलच्या ताब्यातून चोरीला गेली तेव्हा, नुसत्या ‘मालकाच्या जोखमीवर’ या ओळीनं हॉटेलची निष्काळजीपणातून सुटका होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. तो खटला मोटारीचा होता, पण टोकन देऊन ताब्यात घेतलेल्या सायकलला वेगळा न्याय का असावा? पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि आयोग अमरावतीतही आहे, अकोल्यातही. टोकन फेकू नका.

वस्तूला ओळख असली की ती सापडते, हे मोबाईलनं दाखवून दिलं. मे २०२३ पासून देशभर हरवलेल्या मोबाईलचा क्रमांक केंद्राच्या सीईआयआर यंत्रणेत टाकता येतो, आणि दर जानेवारीच्या २ ते ८ तारखेला पोलिसांच्या रेझिंग डे सप्ताहात असे मोबाईल मालकांना परत दिल्याचे फोटो आपण वर्तमानपत्रात पाहतो. मोटारसायकलला नोंदणी पुस्तिका असते. सायकल मोटार वाहन कायद्यात येत नाही, म्हणून तिची नोंद कुठंच नाही. पूर्वी होती. नगरपालिका सायकलवर वर्षाचा कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. माझ्या वडिलांच्या सायकलच्या पुढच्या चिमट्याला तो अडकवलेला मला आठवतो. बिल्ला नसला की पालिकेचा माणूस सायकल अडवायचा, याचा लोकांना वैताग होता. कर गेला ते बरंच झालं. पण करासोबत नोंदही गेली, आणि तिची जागा कशानंच भरली नाही. जपानमध्ये १९९४ पासून सायकल घेणाऱ्यानं ती नोंदवणं कायद्यानं बंधनकारक आहे. फ्रेमवर क्रमांकाची चिकटपट्टी लागते, आणि रस्त्यातला पोलीस तिच्यावरून मालक शोधू शकतो.

अमरावती महानगरपालिका १९८३ मध्ये झाली, अकोल्याची २००१ मध्ये. दोघींकडे आज संगणक आहेत, मालमत्ता कराची घरनिहाय यादी आहे. सायकलचा फ्रेम नंबर आणि मालकाचं नाव अशी एक फुकट, ऐच्छिक नोंद झोन कार्यालयात सुरू करायला वेगळा विभाग लागत नाही, कर लावावा लागत नाही. ती यादी ठाण्यांना दिसली पाहिजे, एवढंच. आणि जुनी सायकल घेणारे दुकानदार, किलोवर लोखंड घेणारे भंगारवाले यांनी नंबर आणि विकणाऱ्याचं नाव वहीत लिहिलं पाहिजे. चोरीचा माल माहीत असून घेणं हाही गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३१७, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नंबर खरवडून काढलेली सायकल समोर आली, तर घेणाऱ्यानं काय ते ओळखावं.

पण नोंद सुरू होईपर्यंत थांबायचं कारण नाही, आणि खरं तर मला हेच सांगायचं आहे. आपल्या वऱ्हाडात, आपल्याच काय साऱ्या महाराष्ट्रात, स्टीलची वाटी घेतली तरी बायका दुकानदाराला म्हणतात, ‘भाऊ, नाव घालून द्या.’ तो ते विजेचं पेन हातात घेतो आणि घर्रर्र आवाज करत नाव, तारीख, ‘सप्रेम भेट’ असं सगळं कोरून देतो. माझ्या घरात १९७८ ची एक परात आहे, आजीच्या नावाची. तीन घरं बदलली, किती तरी लग्नाकार्यांना शेजारीपाजारी गेली, दर वेळी परत आली, कारण तिच्यावर नाव आहे. साठ-सत्तर रुपयांच्या वाटीवर आपण नाव घालतो. सहा हजारांची सायकल तशीच रस्त्यावर उभी करतो.

भाच्याच्या सायकलला नवीन टायर बसवल्यावर मी त्याला घेऊन बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार आधी गोंधळला, ‘सायकलवर काहाले?’ मग त्यालाच कल्पना पटली. सीटच्या चकचकीत दांड्यावर, तळाच्या नंबराशेजारी आणि हँडलच्या मानेवर, अशा तीन ठिकाणी त्यानं आडनाव आणि गाव कोरलं. रंग गेला तिथं गंज चढू नये म्हणून आम्ही वार्निशचा हात दिला. नावाची आणि फोन नंबरची एक चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटखालच्या नळीत टाकली. दुकानदारानं वीस रुपये घेतले. सगळं मिळून पाव तास. चोर रंग बदलेल, चेनकव्हर फेकेल, सीट दुसरी लावेल, पण तीन ठिकाणचं कोरलेलं घासून काढायला त्याला मेहनत पडते, आणि घासलेली जागा दिसते.

कुलपाबद्दल एकच. मागच्या चाकाचं गोल कुलूप सायकल चालवू देत नाही, पण उचलू देतं. मागचं चाक वर धरून कोणी सायकल ढकलत नेत असेल, तर रस्त्यावरच्या लोकांना वाटतं, बिचाऱ्याची किल्ली हरवली. माझीही अशीच गेली असणार, भर बाजारातून, लोकांच्या डोळ्यांदेखत. बारीक केबल लॉक साध्या पकडीनं तुटतं. जाड साखळी घ्या, आणि ती फ्रेममधून काढून खांबाला, जाळीला, जमिनीत रोवलेल्या कशाला तरी बांधा. दोन पोरं एकत्र शिकवणीला जात असतील तर दोन्ही सायकली एकमेकींना बांधा.

आज संध्याकाळी घरातली सायकल उलटी करा. तळाचा चिखल ओल्या फडक्यानं पुसा, ठोकलेला नंबर मोबाईलनं टिपा आणि सायकलचा पूर्ण फोटो काढा, त्यात नातू नको. मग तो नंबर बिलाच्या मागं लिहा. दुकानात नवीन सायकल घेताना नंबर बिलावर लिहिल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या काळ्या सायकलचा नंबर मला आजही माहीत नाही. ती कुठं सापडली असेल, एखाद्या ठाण्याच्या आवारात पावसात उभी असेल, तरी ती माझी आहे हे मला सिद्ध करता येणार नाही.